वावर

वस्तू टिकवायची तर चार भिंती, वर छप्पर आणि दाराला कुलूप एवढं पुरतं, असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते. त्या समजुतीवर मी 22 गुंठे जमीन घेतली, तिच्यावरचा जुना मांगर आणि गोठा दुरुस्त करून घेतला आणि आईवडिलांचा सगळा संसार त्यात नेऊन ठेवला. आज ती समजूत माझी राहिलेली नाही. ती कशी गेली ते लिहितेय, कारण रत्नागिरीत माझ्या वयाची पुष्कळ माणसं हाच विचार करताना भेटतात: शहरात दोन खोल्यांचा फ्लॅट, आणि सामान ठेवायला गावाकडे थोडीशी जागा, एखादा गोठा असला तर उत्तमच.

आमचं घर खालच्या आळीत होतं. आई आधी गेली, वडील 2022 मध्ये गेले. चार भावंडांत ते घर वाटून घेता येण्यासारखं नव्हतं, म्हणून विकलं. घराचे पैसे वाटता आले. सामान मात्र कुणालाच नको होतं आणि टाकवतही नव्हतं. तांब्याचा मोठा हंडा, पितळी घंगाळ, भाताची तपेली, जातं, फळीचा झोपाळा, शिसवी कपाट, पत्रांनी भरलेली एक ट्रंक आणि वडिलांची 350 पुस्तकं. वडील शिक्षक होते. पुस्तकं ते स्वतः बांधायचे. मैद्याच्या खळीत मोरचूद घालायचे, कीड लागू नये म्हणून. दर मे महिन्यात सगळी पुस्तकं अंगणात चटईवर मांडून त्यांना ऊन दाखवायचे, आणि ज्याचा पुठ्ठा सुटला असेल ते तेव्हाच पुन्हा बांधायचे. हे मी लहानपणापासून पाहत आले होते. पाहिलं होतं, पण त्यातून काही शिकले नव्हते, हे पुढे कळलं.

धाकटा भाऊ पुण्याहून म्हणाला, "ताई, देऊन टाक सगळं." मला ते ऐकवेना. मी स्वतः शाळेतून निवृत्त झालेली, हातात थोडे पैसे, वडिलांकडून आलेल्या जमिनीमुळे सातबाऱ्यावर नाव. म्हणजे शेतकरी असल्याचा दाखला मिळणार होता. महाराष्ट्रात तो नसेल तर कुळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतजमीन विकत घेता येत नाही. शोध सुरू केला. पावस, चांदेराई, पाली असं करत करत शेवटी लांज्याच्या पुढे, महामार्गापासून आत एका वाडीत जागा मिळाली. एक अख्खा हिस्सा, 22 गुंठे. 2023 च्या अधिसूचनेप्रमाणे जिरायत जमिनीला किमान 20 गुंठे लागतात, ते बसत होतं. वरच्या अंगाला कातळ, खाली दोन भाताचे कोपरे, कडेला गडगा, चार आंबे, एक रातांबा. मधे खळं, आणि खळ्याच्या दोन बाजूंना मांगर नि गोठा.

सातबाऱ्यावर सतरा नावं होती. कोकणात याचं कुणाला नवल वाटत नाही. चार पिढ्यांचे वारस एकाच उताऱ्यावर असतात, अर्धे मुंबईत, काही जण गावाला कधी आलेलेही नसतात. त्या सतरा सह्या गोळा होईपर्यंत वर्ष गेलं. जमीन कुळकायद्याने मिळालेली, म्हणून 32 म चं प्रमाणपत्र शोधावं लागलं. 2014 च्या दुरुस्तीनंतर त्या प्रमाणपत्राला दहा वर्षं होऊन गेली असतील तर आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून अशी जमीन विकता येते. तीही भरली गेली. फेब्रुवारी 2024 मध्ये खरेदीखत झालं, तलाठ्याने फेरफार घातला, हरकतीचे पंधरा दिवस गेले आणि नोंद मंजूर झाली.

सह्यांच्या त्या वर्षात जमीन विकणाऱ्या घरातल्या थोरल्या भाऊंशी माझी बरीच बोलणी झाली. त्यांचे आजोबा खोताचे कुळ होते. डॉ. आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, खोती संपवणारा कायदा 1949 मध्ये झाला, आणि पुढे कुळकायद्याने कसणाऱ्याच्या नावावर जमीन लागली. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या नावाची जमीन कसलेल्या माणसाला ती आपली म्हणून मिळाली, तेव्हा आजोबांनी हा मांगर बांधला होता. "आता बघायला कोण नाही, बाई. म्हणून देतोय," भाऊ म्हणाले. ते वाक्य मी व्यवहारातलं नेहमीचं वाक्य समजले. त्यांनी मला त्या जागेचं खरं दुखणं सांगितलं होतं, आणि मी किमतीचा आकडा ऐकत बसले होते.

मांगराचं बांधकाम आधी सांगते, कारण पुढे जे झालं ते त्याच्याशी जोडलेलं आहे. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, मातीत बसवलेल्या. वासे किंजळीचे, आढं ऐनाचं. वर मंगलोरी कौलं. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, तिथून ही कौलं पश्चिम किनाऱ्यावर घरोघर पोचली. आत पोफळीच्या रिपांचा माळा, त्याखाली कोपऱ्यात चूल. जमीन चोपण्याने चोपलेली, शेणाने सारवलेली. कौलांच्या फटींतून उजेडाच्या रेघा खाली यायच्या. मला त्या फटी म्हणजे दोष वाटल्या.

मी ते दोष काढायला लागले. मातीची जमीन उखणून सिमेंटचा कोबा केला. कौलांच्या खाली जाड प्लास्टिक ताणून बसवलं, म्हणजे थेंब आत येणार नाही. उंदीर शिरू नयेत म्हणून झरोके बुजवले. चूल काढून टाकली, काजळी धरलेल्या भिंतींना चुना दिला. लोखंडी दार, मोठं कुलूप. भोवती चिऱ्यांचा गडगा उंच करून फाटक बसवायचं ठरवलं होतं, पण मार्चमध्ये शिमग्याच्या आधी गावचे मानकरी आले. ग्रामदेवतेची पालखी वाडीत फिरते तेव्हा या खळ्यात टेकते, आणि खालच्या घरांतल्या बायका विहिरीवर जातात ती वाटही याच खळ्यातून आहे, असं त्यांनी हात जोडून सांगितलं. मी फाटक लांबणीवर टाकलं. मनातून मात्र नाराज होते. जागा माझी, आणि तीत दुसऱ्यांचं येणंजाणं, हे मला त्या वेळी जागेतलं वैगुण्य वाटत होतं.

एप्रिलमध्ये टेम्पोने सामान आलं. शिसवी कपाट भिंतीला टेकवून, पुस्तकं त्यात, भांडी माळ्यावर, ट्रंक कोपऱ्यात विटांवर. मे अखेरीस कुलूप लावलं आणि रत्नागिरीला परतले. शेजारच्या काकी वाटेवर भेटल्या. सत्तरीच्या, एकट्या सुनेबरोबर राहणाऱ्या. "पावसात कोण राहणार आत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कुणीच नाही, सामान आहे फक्त. त्या काही बोलल्या नाहीत.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. माणसाच्या उंचीच्या दीडपटीहून जास्त पाणी. त्या पावसाळ्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, गणपतीतही जाता आलं नाही. दसऱ्याला, 12 ऑक्टोबर 2024 ला, कुलूप उघडलं.

छपरातून एक थेंबही आला नव्हता. पाणी जमिनीतून आलं होतं आणि हवेतून आलं होतं. जांभा सच्छिद्र दगड. पायाशी ओल असेल तर ती तो वर ओढतो. पूर्वी ती ओल मातीच्या जमिनीतून, झरोक्यांतून, कौलांच्या फटींतून निघून जायची. मी तिच्या सगळ्या वाटा बंद केल्या होत्या. प्लास्टिकला आतून घाम सुटून तो खाली ठिबकला होता. भिंतीवर हिरवी-काळी बुरशी. कोबा आणि भिंत यांच्या सांध्यातून वाळवीने मातीची नळी काढली होती, ती सरळ शिसवी कपाटाच्या मागच्या फळीत गेली होती. शिसवाला तिने फारसा हात लावला नाही. मागची फळी साध्या लाकडाची होती. तिथून ती पुस्तकांत शिरली.

कपाट उघडलं तेव्हा पुस्तकांच्या पाठी जागेवर होत्या. हात लावला तेव्हा आत काही नव्हतं, नुसती माती. मोरचुदाच्या खळीने कसर दूर ठेवली असेल, पण चार महिने कुणी न उघडलेल्या कपाटात आलेल्या वाळवीपुढे ती काय करणार? 350 पैकी 112 पुस्तकं हाताला लागली. बाकीची मी खळ्यात आणून जाळली. त्या दिवशी जे वाटलं ते लिहिण्याचा प्रयत्न करत नाही. एवढंच सांगते, की वडील गेले तेव्हा मी रडले नव्हते इतकी त्या खळ्यात रडले, आणि काकी माझ्या शेजारी येऊन बसल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "बाई, घर पावसानं नाय खराब होत. आत कोण नसलं की होतं."

तरीही माझं मत बदललं नाही. हे मी मुद्दाम कबूल करते. नुकसान झालं की माणूस शहाणा होतो असं आपण म्हणतो. मी तर त्या नुकसानीतून चुकीचाच धडा घेतला. मला वाटलं, बंदोबस्त कमी पडला. सगळं पाडून सिमेंटचं पक्कं गोदाम बांधावं, जमिनीला वाळवीचं औषध मारावं, वर स्लॅब टाकावा. सगळा हिवाळा मी आराखडे आणि अंदाजपत्रकं यांत घालवला. परवानगीची चौकशी करताना जमीन महसूल संहिता, 1966 मधली शेतावरच्या इमारतीची व्याख्या एका वकिलांनी वाचून दाखवली. शेतीची अवजारं, खत, वैरण, शेतात पिकलेला माल यांच्यासाठी, गुरांसाठी, किंवा शेतकऱ्याच्या नि शेतमजुरांच्या राहण्यासाठी बांधलेली इमारत ती शेतावरची इमारत. घरचं जुनं फर्निचर तीत कुठेच नव्हतं. त्यासाठी गोदाम बांधायचं तर अकृषिक परवानगीचा मार्ग होता. मला तेव्हा त्या कायद्याचा राग आला. आता ती व्याख्या आठवते तेव्हा वाटतं, तिच्यात जुन्या मांगराचं वर्णनच होतं.

मग मे 2025 आला. त्या वर्षी पाऊस कुणाला न विचारता आला. 20 तारखेच्या आसपासच कोकणात धो धो सुरू झाला. 24 मे ला मोसमी पाऊस केरळात, दुसऱ्या दिवशी देवगडात, आणि 26 ला तर मुंबईत, तिथल्या नोंदींमधलं सर्वांत लवकरचं आगमन. आपल्याकडे मृग 7-8 जूनला. त्याआधीचे पंधरा दिवस म्हणजे आगोटीची सगळी कामं. रातांबे त्याच वेळी पिकतात. फळ फोडून साल वेगळं करायचं, मीठ घातलेल्या रसात बुडवायचं, उन्हात टाकायचं, पुन्हा बुडवायचं, पुन्हा वाळवायचं. असे पुट दिल्याशिवाय आमसूल होत नाही. काकींची सगळ्या वर्षाची आमसुलं अंगणात अर्धी वाळलेली होती आणि ऊन गेलं ते गेलंच.

त्यांनी सुनेच्या मोबाइलवरून फोन लावला. "बाई, मांगराची किल्ली द्याल काय?"

माझ्या मनात काय आलं तेही सांगते. पहिलं आलं ते भावाचं वाक्य: "ताई, कुणाला वापरायला दिलंस तर कुळ लागेल." कोकणातल्या प्रत्येक जमीनवाल्याच्या मनात ही भीती असते. तिच्यामुळे किती घरं, किती गोठे रिकामे पडून कोसळले! पावसाने पाडली नसतील एवढी घरं आमच्याकडे या भीतीने पाडली आहेत, असं आता मला वाटतं. त्या दिवशी मात्र मी घुटमळले. मग तो खळ्यातला दसरा आठवला, आणि एसटीने लांज्याला, तिथून रिक्षाने वाडीत गेले.

काकींच्या सुनेने आत पाऊल टाकताच वर पाहिलं आणि म्हणाली, हे प्लास्टिक असेल तर धूर कोंडेल. आम्ही तिघींनी ते विळ्याने कापून काढलं. झरोके मोकळे केले. जुन्या चुलीच्या जागी तीन चिरे मांडले. वर बांबूच्या तट्ट्यांवर सालं पसरली. दुपारपर्यंत मांगरात धूर भरला आणि कौलांच्या फटींतून हळूहळू बाहेर जाऊ लागला. बाहेर पाऊस कोसळत होता, आत कोरडी ऊब होती. रात्री भिंतीला हात लावला तर ती गेल्या वर्षभरात पहिल्यांदा ओलसर लागली नाही.

त्या चुलीपाशी बसून काकी सहज सांगत होत्या की त्यांच्या लहानपणी या मांगरात काय काय असायचं. भाताच्या कणग्या, शेणाने लिंपलेल्या. बियाण्याच्या मुड्या माळ्यावर, चुलीच्या बरोब्बर वर, म्हणजे धूर लागून कीड पडत नाही. मातीत घोळवलेल्या आठळ्या. नारळ, काजूबी, चिंच, सुकी मासळी. पलीकडे गोठ्यात पेंढा. मी ऐकत होते आणि मला एक गोष्ट दिसू लागली. त्या यादीतल्या प्रत्येक वस्तूला बाहेर पडायची तिथी होती. बियाणं मृगापर्यंत. आठळ्या नि मासळी पावसाच्या चार महिन्यांत. पेंढा नवं गवत येईपर्यंत, भात नवं भात येईपर्यंत. काढायला रोज कुणीतरी आत यायचं. येताना ओल दिसायची, वाळवीची नळी दिसली की पायाने मोडली जायची, सरकलेलं कौल ढकललं जायचं. राखण म्हणून वेगळं कुणी काही करत नव्हतं. वापर हीच राखण होती.

आपल्या भाषेत याला बेगमी म्हणतात. बेगमी म्हणजे पुढच्या दिवसांसाठी ठेवलेलं. मी जे नेऊन ठेवलं होतं त्यातल्या एकाही वस्तूला पुढचा दिवस नव्हता. ते सामान मी कधी काढणार, कशासाठी काढणार, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मला आईवडिलांच्या वस्तूंचं काय करायचं हा निर्णय घ्यायचा नव्हता, आणि न घेतलेल्या निर्णयासाठी मी 22 गुंठे जमीन विकत घेतली होती. वडिलांची पुस्तकं चाळीस वर्षं टिकली ती कपाटामुळे टिकली असं मी मानत आले. ती दर मे महिन्यातल्या त्यांच्या हातामुळे टिकली होती. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 पासूनचं. जवळजवळ दोनशे वर्षं याच दमट हवेत पुस्तकं सांभाळणारी संस्था माझ्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर होती, आणि पुस्तक जगतं ते कुणीतरी उघडण्यामुळे, हे मला तिथे सभासद असूनही सुचलं नव्हतं.

त्यानंतर मी जे केलं ते थोडक्यात सांगते. वाचलेली 112 पुस्तकं एका खेड्यातल्या शाळेला दिली. तिथल्या मुलांना महिन्यातून एकदा मी त्यांतलंच काहीतरी वाचून दाखवते. झोपाळा भाच्याने नेला. शिसवी कपाटाला नवी मागची फळी बसवून ते फ्लॅटमध्ये आणलं, त्यासाठी माझं स्वतःचं कपाट काढलं. गोदामाचा आराखडा बाजूला ठेवला. कोबा फोडून पुन्हा मातीची जमीन केली. चोपणं काकींच्या घरी होतंच. फाटक बसवलं नाही. मांगर आणि गोठा काकींचं घर वापरतं. भावाची भीती अगदीच फोल नाही, म्हणून वकिलांच्या सल्ल्याने साधा लेखी करार केला आहे, तो दर वर्षी नव्याने होतो. आगोटीला कौलं शाकारायला मी खर्च देते आणि स्वतः हजर राहते. वर चढता येत नाही. खालून एकेक कौल हातात देते.

आईचा तांब्याचा हंडा आणि मोठी तपेली मी तिथेच ठेवली. गेल्या ऑक्टोबरात भात झोडून झाल्यावर उकड्या तांदळासाठी भात उकडायला तीच तपेली खळ्यातल्या चुलाण्यावर चढली. तिचं बूड काळं झालं. आई ती दर शनिवारी चिंचेने लखलखीत घासायची, त्यामुळे ते काळं बूड पाहून पहिल्यांदा जीव कळवळला. मग वाफ आली, भाताचा तो वास खळंभर पसरला, विहिरीकडून येणाऱ्या दोघी कळशी टेकवून थांबल्या. आईने ती तपेली एवढी मोठी का घेतली होती ते मला तेव्हा आठवलं. आमच्याकडे जेवायला नेहमी बाहेरची चार माणसं असायची.

गावाकडे सामानासाठी जागा घ्यावी का, असं मला आता कुणी विचारलं तर मी नको म्हणत नाही. सातबारा, हिस्सा, वाट, कुळाची नोंद, सगळं तपासा असं सांगतेच. पण त्याआधी एक विचारते: तिथे पावसात कोण असेल? आणि जे ठेवणार आहात ते कधी बाहेर काढणार?

माझी एक ट्रंक अजून तिथे माळ्यावर आहे, आईवडिलांच्या पत्रांची. चुलीच्या धुराने ती बाहेरून काळवंडली आहे, आत कोरडी आहे. दर महिन्याला उघडून पाहते. पण नुसती उघडून पाहणं पुरेसं नाही, पत्रं वाचायला हवीत आणि मग कुणाकडे काय द्यायचं ते ठरवायला हवं. गेल्या खेपेला मी खडूने तिच्या झाकणावर लिहून आले आहे: दिवाळी.